पिल्लाने आतून अंड्याला टोच मारून २० तास झाले, पुढे सरकत नाहीये, कवच फोडू का?

प्रश्न
कोंबडीची १२ अंडी उबवायच्या मशीनमध्ये (इनक्युबेटर) ठेवली, आज २१वा दिवस. १२ पैकी ७ पिल्लं काल रात्रीपासून आज दुपारपर्यंत बाहेर आली, पण एका अंड्याला काल संध्याकाळी टोच पडली ती तेवढीच आहे. आतून चिवचिव ऐकू येते, भोकातून चोच हलताना दिसते, पण पुढे काहीच नाही. सुकलेली पिल्लं काढायला मी ३-४ वेळा झाकण उघडलं आणि आता भोकाच्या कडेचा, कवचाखालचा पापुद्रा पांढरा, कागदासारखा कोरडा दिसतोय. फॅनवालं मशीन आहे, तापमान ३७.५, ह्युमिडिटी ५२ दाखवतंय. कोणी म्हणतं हात लावू नको, पण डोळ्यासमोर मरू द्यायचं का? जीव तुटतोय हो.

उत्तर १
आधी झाकण उघडणं बंद करा. आत कोमट पाण्याची वाटी किंवा ओला स्पंज ठेवून ह्युमिडिटी ६५-७० वर न्या. बाहेर आलेल्या पिल्लांची काळजी नको, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज राहतात.
टोच मारल्यावर २४ तासांपर्यंत शांत बसणं नॉर्मल आहे. पिल्लू तेव्हा फुफ्फुसाने श्वास घ्यायला शिकत असतं, पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त अंगात परत जातं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. माझ्या पहिल्या खेपेला मी १० तासांतच कवच सोललं, पापुद्रा फाटला आणि बोटाला रक्त लागलं. पिल्लू अर्ध्या तासात गेलं. ते अजून विसरलो नाही.

उत्तर २
वरचं पटतं, पण तुमचा पापुद्रा सुकलाय म्हणजे पिल्लू आवळलं गेलंय, त्याला वळताच येत नसेल, तेव्हा नुसतं थांबूनही चालणार नाही. २४ तास झाले की हात धुऊन अंडं बाहेर घ्या, भोकाभोवतीचं कवच रुंद बाजूकडे थोडं थोडं चिमट्याने काढा, पापुद्रा फाडू नका. त्यावर इअरबडने कोमट पाणी किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा, नाकपुड्यांत जाऊ देऊ नका. ओला झाला की शिरा दिसतात. लाल दिसल्या की तिथेच थांबायचं, अंडं परत आत आणि ४-५ तास विसरायचं. पिल्लू चोच उघडझाप करून चघळल्यासारखं करत असेल तर बलक अजून आत जातोय, तेव्हाही थांबा. एका वेळी पाच मिनिटांच्या वर अंडं बाहेर नको, गार पडतं.
शिरा नसतील तर चोच आणि डोकं मोकळं करा, बस. मागचा भाग त्याचा त्याला ढकलू दे.

प्रश्नकर्ता
अपडेट देतो. रात्री १० ला तेल लावलं तर एक लाल शीर स्पष्ट दिसली, अंडं परत ठेवलं. झोप कसली लागतेय. पहाटे ४ ला बघितलं तर शीर नाहीशी, पापुद्रा पिवळसर, चोचीवर चिकटलेला होता तो ओला करून हळूच सोडवला आणि कवचाची टोपी उचलली. सकाळी ७ च्या आसपास पिल्लाने पाय ताणून स्वतःच कवच ढकललं!! बेंबीला एक ओलसर दोरा लोंबतोय, तो कापू का? आणि बाकी ४ अंड्यांवर काहीच नाही.

उत्तर २
वा, फार बरं वाटलं! दोरा कापू नका, ओढू तर अजिबात नका, सुकून आपोआप गळतो. फक्त दुसरी पिल्लं त्याला टोचणार नाहीत असं बघा, एक दिवस वेगळं ठेवा, खाली खडबडीत कापड घाला, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात.
बाकी ४ अंधारात टॉर्चवर धरा. रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोचीची सावली हलत असेल तर ती जिवंत आहेत, २३व्या दिवसापर्यंत मशीन बंद करू नका.