कानांचा कौल, पण डोळे झाकून
स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याबाबत ‘मोजमापाच्या यंत्राला संगीत कळत नाही, म्हणून अखेरचा निर्णय कानांचाच’ असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच मान्य आहे, कारण घरी तुलना करताना निर्णय केवळ कानांचा राहत नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रयोगात ४० श्रोत्यांनी तेच चार स्पीकर पडद्याआडून आणि समोर पाहून असे दोन्ही प्रकारे ऐकले. पाहून ऐकताना भारदस्त स्पीकरांचे गुण वाढले, लहान, स्वस्त संचाचे घटले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे: स्पीकर दिसत असताना त्यांची खोलीतली जागा बदलल्याने आवाजात पडणारा खराखुरा फरकसुद्धा श्रोत्यांच्या गुणांत फारसा उमटला नाही.

अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करताना मी आधी मल्टिमीटरने (विद्युतदाब मोजणाऱ्या उपकरणाने) दोन्हींच्या आवाजाची पातळी जुळवतो, कारण किंचित मोठा आवाज हमखास ‘अधिक स्पष्ट’ भासतो.