मदत हवी आहे: टीएनएफ देऊनही हेला पेशी मरत नाहीत

टिळकवाडी, बेळगाव:
एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) टीएनएफ-अल्फा (पेशींना मरणाचा निरोप देऊ शकणारं प्रथिन) २० नॅनोग्रॅम प्रति मिली दिलं, २४ तास ठेवलं. पेशी प्लेटला घट्ट चिकटलेल्या, अगदी कंट्रोलसारख्या. पुण्याहून कुरिअर आलं तेव्हा पेटीतला बर्फ वितळला होता, म्हणून टीएनएफवरच संशय आहे. नवीन मागवू का?

खानापूर:
मागवू नका एवढ्यात. नुसतं टीएनएफ हेलाला सहसा मारत नाही. ते रिसेप्टरला लागलं की आधी जगण्याचाच निरोप जातो. एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा घटक केंद्रकात शिरतो आणि सी-फ्लिपसारखी प्रथिनं बनवून घेतो. सी-फ्लिप कॅस्पेज-८ला अडवून धरतं (कॅस्पेज म्हणजे पेशीला मारणारी, प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स). सी-फ्लिप फार काळ टिकत नाही, म्हणून नवीन बनणं थांबवलं की वाट मोकळी. त्यासाठी टीएनएफच्या अर्धा तास आधी सायक्लोहेक्झिमाइड (नवीन प्रथिनं बनणं थांबवणारं औषध) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली द्या. १० मिलीग्रॅम प्रति मिलीचा डीएमएसओतला स्टॉक असेल तर १ मिली मीडियाला १ मायक्रोलिटर. विषारी आहे, हातमोजे घाला.

टीएनएफ शाबूत आहे का, ते वेस्टर्नवर (ठरावीक प्रथिन बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) तासाभराच्या नमुन्यांत कळेल. ०, १५, ३०, ६० मिनिटांना नमुने घ्या, आयकप्पाबी-अल्फा बघा. ते एनएफ-कप्पा-बीला धरून ठेवतं, टीएनएफ लागलं की तुटतं. १५ मिनिटांना बँड जवळजवळ नाहीसा आणि ६० पर्यंत परत आला, की टीएनएफ उत्तम. या नमुन्यांत सायक्लोहेक्झिमाइड घालू नका. परत येणारा बँड नव्यानं बनलेल्या प्रथिनाचा असतो, तो येणारच नाही.

टिळकवाडी, बेळगाव:
आभारी आहे. मग मेलेल्या पेशी मोजायला एमटीटी (जिवंत पेशींत रंग येण्याची चाचणी) चालेल ना?

निपाणी:
एकट्या एमटीटीवर विसंबू नका. सायक्लोहेक्झिमाइडनं पेशी न मरताही रंग उतरतो. पाच वेल लावा: नुसता डीएमएसओ, नुसतं टीएनएफ, नुसतं सायक्लोहेक्झिमाइड, दोन्ही, आणि दोन्हींसोबत झेड-व्हॅड (कॅस्पेज अडवणारं रसायन) २० मायक्रोमोलर. डीएमएसओचं प्रमाण पाचही वेलमध्ये सारखं ठेवा. ६ ते ८ तासांनी पार्पचा (कॅस्पेज तोडतात ते एक प्रथिन) वेस्टर्न करा. ११६ किलोडाल्टनचा बँड तुटून ८९चा दिसला आणि झेड-व्हॅडनं तो थांबला, तर मरण कॅस्पेजचंच. हेलात आरआयपीके-३ हे प्रथिन जवळजवळ नसतं, त्यामुळे झेड-व्हॅड दिल्यावर नेक्रॉप्टोसिसचा (कॅस्पेजशिवाय, आरआयपीके-३मुळे होणारं मरण) घोळ होत नाही. एल-९२९ या उंदराच्या पेशींत नेमका उलटा प्रकार होतो, त्या झेड-व्हॅडनं जास्तच मरतात.

ॲनेक्झिन (मरणाऱ्या पेशींना चिकटून त्या दाखवणारं प्रथिन) वापरून चाचणी करणार असाल तर वरचा मीडिया फेकू नका, मेलेल्या पेशी त्यातच तरंगतात. ३०० जी, ५ मिनिटं फिरवून बाकीच्यांत मिसळा. पेशी प्लेटवरून सोडवायच्या ट्रिप्सिनमधलं ईडीटीए धुऊन काढा. ॲनेक्झिनला कॅल्शियम लागतं, बफरमध्ये २.५ मिलीमोलर, ईडीटीए राहिलं तर ते कॅल्शियम धरून बसतं आणि मेलेल्या पेशीही कोऱ्या दिसतात.

टिळकवाडी, बेळगाव:
एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) पण आहेत. त्याच प्लेटवर लावू?

निपाणी:
लावा, पण कॅस्पेज-३चा बँड शोधू नका. त्या पेशींत ते जनुकच तुटलेलं आहे, प्रथिन बनत नाही. तिथे कॅस्पेज-७ बघा.