आंतरमहाविद्यालयीन कबड्डी: शेवटच्या चार मिनिटांतली चूक कोचची की पोरांची?

तिसरी_चढाई

आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू झाले की दरवर्षी हाच वाद पेटतो. संघ २८-२३ असा पुढे, चार मिनिटं बाकी, आणि सामना हातचा जातो. शिट्टी वाजायच्या आत मैदानाबाहेर निकाल लागलेला असतो: कोच बदला.

मला हे पटत नाही. चढाईला गेलेला गडी ३० सेकंद एकटा असतो. आत शिरायचं की निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा) ओलांडून परत फिरायचं, हे तोच ठरवतो. पाच गुणांची आघाडी असताना दोन गडी मारायला कोपऱ्यात घुसला आणि अडकला, तर त्यात बाकावरच्या माणसाचा काय दोष? पण उलट बाजूही दिसते. एकाच संघाचा कोपरारक्षक दर सामन्यात घाई करून उडी घेत असेल, तर महिनाभर सरावात कोणी काय पाहिलं?

जाणकारांना तीन प्रश्न. एक, बाहेरून बघणाऱ्याने चूक कुणाची हे ओळखायचं कसं? दोन, कॉलेजचं शिबिर जेमतेम दहा-पंधरा दिवसांचं, तेवढ्यात शेवटच्या मिनिटांची तयारी होते का? तीन, बाकावरून ओरडण्याचा काही उपयोग असतो का? सुपरस्टारांच्या क्लिपा नकोत, कॉलेजच्या पातळीवर बोला.

निदानरेषा

आधी चार मिनिटांचा हिशेब मांडू, म्हणजे दोष कुठे द्यायचा ते आपोआप दिसेल.

चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. प्रत्येकाने पूर्ण ३० सेकंद खाल्ले तर आठ चढाया, त्यातल्या चार तुमच्या. लागोपाठ दोन रिकाम्या (गुणाविना) गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे तुमचा क्रम असा: रिकामी, रिकामी, करो या मरो, रिकामी. तेही चार मिनिटांच्या सुरुवातीला तुमच्या रिकाम्या चढायांची मोजणी शून्यावर असेल तर! ती आधीच दोनवर असेल, तर पहिलीच चढाई करो या मरो, मग दोन रिकाम्या, आणि शेवटची पुन्हा तीच. म्हणून "वेळ काढा रे" ही अर्धीच सूचना आहे. तिसरी चढाई कोण करणार, हे सांगितलं तर ती पूर्ण.

यातून एक पळवाट निघते. दुसऱ्या चढाईच्या वेळी समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा गुण) घ्यायचा. गुण आला की रिकाम्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पण बोनसला एक पाय रेषेच्या पूर्ण पलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. दमलेला गडी मागचा पाय घासत आणतो आणि पंच हात वर करत नाहीत. समोर पाचच उरले असतील तर बोनसच नाही, हे विसरून रेषेपर्यंत धावणारे महाभाग दर स्पर्धेत दिसतात. हे मात्र शंभर टक्के खेळाडूचं पाप. समोरचे गडी मोजणं हे त्याचं काम.

आता आघाडी कशी वितळते ते पाहा. २८-२३, आणि तुमचे दोनच गडी मैदानात. समोरच्याने एकाला हात लावला: २८-२४. उरलेला एकटा चढाईला गेला आणि पकडला गेला: त्या पकडीचा १ आणि लोणाचे (सगळा संघ बाद झाल्याचे) २, झाले २८-२७. दोन चढाया, जेमतेम एक मिनिट. त्याऐवजी ते दोघं मागच्या रेषेकडे, एकमेकांपासून लांब उभे राहून फक्त हात चुकवत राहिले असते, तर चढाई रिकामी गेली असती. समोरच्याची करो या मरो असेल तर आणखी फायदा: हात न लावता परतला की तो बाद, तुम्हाला फुकटचा गुण. पण आपल्याकडे तीन किंवा कमी गडी उरले की सगळ्यांना अव्वल पकडीचे (एवढ्या कमी गड्यांनी चढाईपटू धरल्याचे) दोन गुण दिसू लागतात. पाचने पुढे असताना तो जुगार कशाला?

हा हिशेब एकोणीस वर्षांच्या पोराने धापा टाकत मैदानावर मांडायचा नसतो. तो कोचने आधी मांडून, दोन वाक्यांत पोरांच्या डोक्यात बसवायचा असतो. तिथे कोच चुकला तर झोडपा खुशाल. ठरवून दिल्यावरही गडी हिरोगिरी करत आत घुसला, तर तिसरी_चढाई यांचं म्हणणं बरोबर.

उजवा_कोपरा

वरच्या हिशेबाला +१. मी कोपऱ्याच्या घाईबद्दल लिहितो, कारण ती "त्या पोराची सवय" म्हणून सोडून दिली जाते आणि बहुतेक वेळा ती सवय नसतेच.

घोटा पकड करायची वेळ एकच: चढाईपटूचा पुढचा पाय टेकला आहे आणि वजन त्याच पायावर आलं आहे, किंवा तो मध्यरेषेकडे वळतो आहे. वजन मागच्या पायावर असताना झेपावलात तर तो पाय सहज काढून घेतो आणि जाता जाता पाठीवर हात ठेवून जातो. आता कोपऱ्याची नजर पायांवर असते. चढाईपटूचे खांदे कुठे वळले, आपला इन (कोपऱ्याच्या शेजारचा बचावपटू) किती लांब आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून आवाज कव्हरने (इनच्या पलीकडच्या बचावपटूने) द्यायचा. "थांब", "चल", "सोड", तीनच शब्द, आणि एकाच तोंडून. दोघं ओरडले की साखळी (हात धरून उभे बचावपटू) तुटलीच समजा.

बघताना कोपऱ्याकडे नाही, त्याच्या शेजारच्या इनकडे बघा. कोपरा झेपावला त्या क्षणी इन हाताच्या अंतरात होता का? दोन पावलं लांब असेल तर पकड चांगली असूनही सुटते आणि शिव्या कोपऱ्याला पडतात. ही जोडीची चूक आहे, आणि जोड्या कोच लावतो.

यावरचा सराव साधा आहे. एक चढाईपटू, समोर कोपरा, इन आणि कव्हर. पहिले १० सेकंद पकडीला बंदी, फक्त पाऊल आणि अंतर. मग कव्हरचा आवाज आल्यावरच झेप. डाव्या बाजूला दहा, उजव्या बाजूला दहा. आवाजाआधी झेपावला तर पकड यशस्वी झाली तरी गुण चढाईपटूला. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण घाईची पकड कधीकधी लागते आणि टाळ्याही मिळतात. तिथूनच ती रुजते.

माती_ते_मॅट

सगळं मान्य, पण तुम्ही कॉलेजला कबड्डीचा कोच असतो असं धरून चालला आहात. बहुतेक ठिकाणी शारीरिक शिक्षण संचालक एकच. तेच कबड्डी बघतात, तेच ॲथलेटिक्स, तेच बुद्धिबळाचे फॉर्म भरतात. पोरं खरी घडतात आपापल्या क्रीडा मंडळात. कुणाच्या मंडळात साखळी धरून खेळतात, कुणाच्या मंडळात प्रत्येक जण सुटा. अशा सात जणांना दहा दिवसांत एकत्र आणताना सरांकडून नवी पकड शिकवण्याची अपेक्षाच चूक आहे. त्यांनी एवढं करावं: पहिल्या दोन दिवसांत सात जण, त्यांच्या जागा आणि आवाजाचे शब्द ठरवावेत, आणि नंतर ते बदलू नयेत. मधले चार दिवस वर सांगितलेल्या जोड्या. सातव्या-आठव्या दिवशी फळ्यावर २८-२३ लिहून, मैदानात दोन गडी ठेवून, चार मिनिटं लावावीत. मध्ये तीन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा, दर वेळी रिकाम्या चढायांची मोजणी वेगळी देऊन. नववा दिवस हलका.

आता पोरांच्या पदरात. खुल्या गटात पुरुषांना ८५ किलो, महिलांना ७५ किलो ही मर्यादा सगळ्यांना तोंडपाठ असते, तरी वजनकाट्यावर रडारड असतेच. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून तीन किलो उतरवणारा गडी पूर्वार्धात वाघ आणि उत्तरार्धात पोटरी धरून बसलेला. मग शेवटच्या चार मिनिटांत तो आत घुसला की बाहेर राहिला याची चर्चा कशाला? त्याचे पायच उरलेले नाहीत. दर आठवड्याला, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन बघणं हे खेळाडूचं काम. पाच दिवस आधी दीड किलो जास्त दिसला तर त्याला बाजूला ठेवण्याची हिंमत दाखवणं सरांचं.

बूट तसेच. मातीवर अनवाणी घडलेला गडी स्पर्धेच्या आठवड्यात नवे बूट घालून मॅटवर उतरतो. मातीवर पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट जागीच धरतो, वरचं शरीर मात्र वळतं. गुडघा जातो तो असा. निदान तीन आठवडे तेच बूट सरावात हवेत.

नखं वाढलेली चालत नाहीत, अंगाला तेल चालत नाही, हे वेगळं सांगायला लागू नये. पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. शेवटच्या चारांतली दोन! पंचांशी हुज्जत घालून ते ओढवून घेणाऱ्याला कुठलाही कोच वाचवू शकत नाही.

तिसरी_चढाई

आभार मंडळी. सर आणि कोच यांत मी फरक केला नव्हता, तो मुद्दा मान्य. पण ओळखायचं कसं, हे राहिलं. आणि भरवशाच्या चढाईपटूला शेवटासाठी राखून ठेवावं, असं म्हणतात, ते कितपत बरोबर?

निदानरेषा

ओळखायला वही लागते, डोळे फसवतात. प्रत्येक चढाईला एक ओळ: कोण गेला, समोर किती गडी, मोजणी कितवी, गुण की रिकामी, कुठल्या बाजूला, पकड कुणी सुरू केली, मदतीला पहिला कोण पोचला. मोबाइल लावायचा तर मागच्या रेषेच्या पाठीमागे, उंचावर. बाजूने लावला तर कोपरा आणि इन यांच्यातलं अंतर कळत नाही.

मग तीन-चार सामन्यांच्या ओळी एकत्र वाचा. एकच चूक वेगवेगळे गडी करत असतील तर ती सरावातून आली आहे. एकच गडी ठरलेलं सोडून तेच तेच करत असेल तर पहिल्यांदा त्याची, तिसऱ्यांदा त्याला खेळवणाऱ्याची. पूर्वार्ध ठीक आणि ३०व्या मिनिटानंतर सगळंच ढासळत असेल तर दम आणि वजन बघा, डावपेच नंतर. एका सामन्यावरून मात्र काहीही ठरत नाही.

राखून ठेवण्याबद्दल: बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात. तुमचे तीन आधीच बाहेर आणि मुख्य चढाईपटू चौथा गेला, तर तो परत यायला चार गुण लागतील. (लोण चढला तर सगळेच परत, पण तो सौदा कुणाला हवा?) तोच पहिला गेला असेल तर एका गुणात परत. म्हणून करो या मरो चढाईसाठी दुसरा माणूस तयार हवा, विशेषतः बाहेर दोन-तीन जण बसलेले असताना. हा माणूस कॉलेजच्या संघात सहसा तयारच केलेला नसतो. सगळ्या अवघड चढाया एकाच्याच गळ्यात. त्याला मी कोचची चूक म्हणेन, पोरगा कितीही वेळा अडकला तरी.

उजवा_कोपरा

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे बाकावरून ओरडण्याचं, उत्तर छोटं आहे. चढाई चालू असताना आपल्याच संघातल्या कुणी चढाईपटूला सूचना दिली, तर समोरच्याला गुण देण्याची तरतूद नियमांत आहे. पंच दर वेळी देत नाहीत, हा भाग वेगळा. आणि दमाचा उच्चार सांभाळत, समोर सात जण असताना बाहेरचा आवाज कानात शिरतो कुठे?

बोलायचं ते टाइमआउटमध्ये. प्रत्येक डावात दोन, ३० सेकंदांचे. पैकी उत्तरार्धातला एक शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखावा. त्यात तीनच गोष्टी: आपली मोजणी किती, त्यांची मोजणी किती, पुढची चढाई कोणाची. "जोर लावा, हिंमत हरू नका" यात २० सेकंद घालवणारे कोच पाहिले की घड्याळ दाखवावंसं वाटतं.

लॉबी_बंद

एक राहिलं, नियमांची माहिती. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा भारत-इराण अंतिम सामना आठवा. चढाईपटू हात न लागता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात) गेला, मागोमाग इराणचे बचावपटूही गेले, आणि कोण बाद यावर खेळ बराच वेळ अडकला. जुन्या-नव्या नियमाचा घोळ. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. तिथे हे होतं तर तालुक्याच्या कॉलेजात काय होत असेल! लॉबीचा अर्थ कसा लावणार, हे स्पर्धेआधीच्या संघव्यवस्थापकांच्या बैठकीत विचारून घ्यावं आणि त्याच संध्याकाळी बाराही जणांना सांगावं. विचारणं सरांचं काम. पण झटापट सुरू होण्याआधी लॉबीत पाय टाकायचा नाही, हे खेळाडूने नियम कुठलाही असो पाळावं.

अवांतर: २०१८ ला जकार्तात आपल्या महिलांना अंतिम सामन्यात २७-२४ हरवणाऱ्या इराणच्या प्रशिक्षक आपल्या नाशिकच्या शैलजा जैन होत्या. कोचने काही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांसाठी.

माती_ते_मॅट

अवांतराला +१. पण त्या दिवशी पकडी त्या मुलींनीच केल्या, तेही लिहा की.