गॉडार्डची नळी १९१८ ला आघाडीवर पोचली असती तर?

शिलेदार: काल नळीवाल्यांनी लिहिलं की ६ नोव्हेंबर १९१८ ला अमेरिकन रॉकेटवाल्या गॉडार्डनं ॲबरडीनच्या अमेरिकी लष्करी चाचणी मैदानावर नळीतून रॉकेट डागून दाखवलं, पाच दिवसांत पहिल्या महायुद्धाची युद्धबंदी झाली, नाहीतर रणगाडा तिथेच संपला असता. वाचून डोकं फिरलं. स्फोटाचा जोर एका जागी एकवटून चिलखत फोडणारं पोकळ स्फोटक तेव्हा होतं कुठे? त्यामागचा अमेरिकन रसायनतज्ज्ञ मन्रोचा शोध १८८८ चा, पण नळी आणि ते स्फोटक एकत्र येऊन बझूका, म्हणजे खांद्यावरून डागायची रणगाडाविरोधी नळी, झाली १९४२ ला.

बारूदखाना: ते स्फोटक लागतंय कशाला? १९१८ च्या ब्रिटिश मार्क फाइव्ह रणगाड्याचं चिलखत जेमतेम १६ मिमी. माउझरची १३.२ मिमीची रायफल ते भेदायची. पंधरा हजारांवर बनवल्या जर्मनांनी.

शिलेदार: तरी १९१८ ला फ्रान्समधल्या आमियाँच्या लढाईत ब्रिटिश रणगाडे घुसलेच ना! ८ ऑगस्टला चारशेवर निघाले, १२ ला धड चालणारे सहा. त्यातही कितीतरी नुसत्या बिघाडानं बसले.

नगरची माती: फ्रान्स सोडा, पंजाबातल्या असल उत्तर गावची भारत-पाक लढाई बघा. १९६५, जीपवरच्या १०६ मिमी आरसीएल, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या रणगाडाविरोधी तोफा. माझे काका आरसीएलवर होते. सांगायचे, गोळा सुटला की मागे असा धुरळा उठतो की जागा उघडी पडते. जीप हलवली नाही तर मेलात.

बारूदखाना: काकांचा मान राखून सांगतो, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे एकट्या आरसीएलनं नाही अडवले. आपल्या थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन रणगाडे होते, डेक्कन हॉर्सचे शर्मन होते. शेतात पाणी सोडलं होतं, त्यात पॅटन रुतले.

नगरची माती: रेजिमेंटची नावं सगळ्यांना पाठ! जीपवाल्यांतला फक्त अब्दुल हमीद माहीत. बाकीच्यांचं काय? काका गेले तेव्हा विचारायला कुणी आलं नाही. मला चिखल शिकवू नका.

शिलेदार: दोघंही माझंच म्हणणं मांडताय. आरसीएल चालली कारण सोबत रणगाडे होते, पाणी होतं. १९७३ ला सिनाईत इस्रायली रणगाडे पायदळाशिवाय पुढे गेले, इजिप्तच्या पायदळाच्या सॅगर क्षेपणास्त्रांनी फोडले. मग पद्धत बदलली, रणगाडा राहिलाच.

नळीवाला: बरं, 'संपला असता' मागे घेतो, तेवढंच. पण ब्रिटिश रणगाडा दलातल्या फुलरची १९१९ साठीची योजना? रणगाडे थेट जर्मन मुख्यालयांवर सोडायचे होते. खंदकाखंदकात नळ्या असत्या तर पायदळ सोबत घ्यावंच लागलं असतं. पुढे इंग्लंडात 'नुसते रणगाडे पुरे' म्हणणाऱ्यांना कुणी विचारलं नसतं.

शिलेदार: ती योजना मीडियम डी रणगाड्यावर उभी होती आणि तो १९१८ ला तयारच नव्हता. जो रणगाडा मैदानात नाही, त्याला तुमची नळी फोडणार कशी?