'जोखीम घटक'ला गावात काय म्हणावं?

प्रश्न
मी यवतमाळ जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. उपकेंद्राच्या भिंतीवर हृदयविकाराची माहिती लिहायची आहे. हाती आलेल्या नमुन्यात मथळा आहे 'हृदयरोगाचे जोखीम घटक' आणि खाली एक शब्द, 'अतालता', म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणे. बायांना वाचून दाखवलं तर एक आजी म्हणाल्या, "जोखीम म्हन्जे दागिनेच नं वो बाई?" त्यांचं काही चुकलं नाही. एसटीत चढताना आम्ही 'जोखमीचं सामान जवळ ठेव' असंच म्हणतो. मग बीपी, शुगर, खर्रा, दारू, वाढतं वय या सगळ्यांना मिळून कोणता शब्द वापरू? सरळ 'कारणे' लिहू का?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, वर्धा)
'कारणे' नको. कारण म्हटलं की परिणाम व्हायलाच हवा असं लोक धरतात. मग खर्रा खाणारे एखादे आजोबा ऐंशी गाठतात आणि गाव विचारतं, यांना कुठं काय झालं? पाटीवरचा विश्वासच उडतो. मूळ इंग्रजी संज्ञा 'रिस्क फॅक्टर' हीसुद्धा फार जुनी नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, आणि १९६१ च्या त्यांच्या लेखानंतर ती रुळली. कोणाला हृदयविकार होईल हे त्यांना नेमकं सांगता येत नव्हतं, पण कोणात तो जास्त आढळतो हे दिसत होतं. म्हणून मी 'धोका वाढवणाऱ्या गोष्टी' असं लिहीन. शब्द लांब आहे, पण खरा आहे.

उत्तर (कापूस उत्पादक, अकोला)
ताई, आमच्याकडं फरदड म्हटलं की सगळ्याइले समजते. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवली, पाणी देऊन पुन्हा बोंडं घेतली, तर गुलाबी बोंडअळीले खायले मिळत राहते. फरदड ठेवली म्हणून पुढच्या साली अळी येईनच असं नाही, नाही ठेवली म्हणून येणारच नाही असंही नाही. पण धोका वाढते, अन् शेजाऱ्यानंही ठेवली तर लय वाढते. बीपी अन् खर्रा एकाच माणसाजवळ असले तर तसंच समजा.

उत्तर (परिचारिका, चंद्रपूर)
'अतालता' काढाच. पण त्या जागी 'ठोका चुकणे'ही नको, कारण काळजाचा ठोका चुकला म्हणजे आपण घाबरलो असंच लोक समजतात. 'धडधड'ही अपुरा आहे. ती पळाल्यावर होते, रक्त कमी असलं तरी होते. मी रुग्णांना सांगते: 'नाडी बेताल पडणे'. खंजिरीचं भजन आपल्या गावोगावी ऐकलेलं असतं, ताल सुटला की लहान पोरालाही कळतं. नाडीवर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवा.

बेताल नाडीच्या एका नेहमीच्या प्रकारात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथं साचून गाठ होते, ती मेंदूकडे गेली की लकवा मारतो. या आजारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो. कित्येकांना आधी काहीच जाणवत नाही. भिंतीवर लकव्याचं नाव घ्या, लोक त्याला हृदयाशी जोडतच नाहीत.

एक राहिलं. लहानपणी घसा दुखून मग ताप येऊन सांधे सुजलेल्या बाया आठवा. त्या तापानं हृदयाची झडप खराब होऊ शकते आणि पुढं नाडी बेताल होते. नमुन्यात हे नसेलच.

मूळ प्रश्नकर्ती
नाही, नव्हतं. आमच्या बाया मात्र 'जीव घाबरते' एवढंच म्हणतात. त्यात चक्कर, अशक्तपणा, दम, चिंता सगळंच येतं.

परिचारिका
तो शब्द खोडू नका. पुढं विचारा: धडधडते का, दम लागते का, छाती दाबल्यासारखी होते का, डोळ्यापुढं अंधारी येते का? छातीत दाबलं किंवा अंधारी आली तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

मूळ प्रश्नकर्ती
मथळा ठरला: 'हृदयाचा आणि लकव्याचा धोका कशानं वाढतो?' फरदड भिंतीवर घेत नाही, पण सांगताना तिथूनच सुरुवात करीन. आजींना उद्या पुन्हा वाचून दाखवते.