अनुभव धागा: मराठी मजकुरात शब्द शोधणारे साधे पायथन फंक्शन

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, मजकूर आणि शब्द घेऊन तो शब्द मजकुरात आहे की नाही हे सांगणारे फंक्शन (ठरावीक काम करणारा सूचनांचा संच) चार ओळींत लिहून होते. तेच मराठी मजकुरावर चालवताना आपल्याला काय आढळले आणि त्यावर काय उपाय केला, हे प्रत्येकाने तपशिलासह लिहावे, ही विनंती.

संगणक शिक्षिका, सातारा

अकरावीच्या मुलांना मी पहिले फंक्शन 'इन' (एक तुकडा दुसऱ्यात आहे का हे पाहणारा शब्द) वापरूनच लिहायला लावते. लगेच त्यांना 'सरकार'मध्ये 'कार' सापडते आणि अक्षरांचा सलग तुकडा म्हणजे शब्द नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही. मग 'स्प्लिट'ने शब्द सुटे करणे, 'स्ट्रिप'ने कडेची विरामचिन्हे काढणे आणि नंतरच तुलना करणे, असा क्रम ठेवते. शब्दाची जागा सांगणारे 'फाइंड' मात्र उशिरा शिकवते, कारण शब्द अगदी सुरुवातीला असल्यास ते 0 देते आणि नसल्यास -1. अट तपासणारे 'इफ' 0 ला खोटे आणि -1 ला खरे मानते, त्यामुळे हे उत्तर थेट त्यात घातले की या दोन्ही वेळी निकाल नेमका उलटा लागतो.

कात्रणसंग्रहाचे काम, पुणे

'शेतकऱ्यांना' हा शब्द डोळ्यांसमोर दिसत असूनही काही फायलींत तो सापडत नसे. 'ऑर्ड'ने एकेका चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापून पाहिल्यावर कारण उलगडले: काहींनी हा अर्धा र 'ऱ' आणि हलन्त असा टंकला होता, तर काहींनी 'र', हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. 'युनिकोडडेटा' या मॉड्यूलमधले (तयार फंक्शनांच्या संचातले) 'नॉर्मलाइझ' हे 'र' आणि नुक्ता यांची जोडी 'ऱ'शी जुळवून देते, पण जॉइनरला हात लावत नाही. म्हणून मी मजकूर आणि शोधायचा शब्द या दोहोंवर आधी 'रिप्लेस' चालवून जॉइनरचे रूप 'ऱ्'मध्ये बदलतो, मग 'नॉर्मलाइझ' करतो आणि त्यानंतरच शोध घेतो. मराठी मजकुरासाठी ही पायरी मला अनिवार्य वाटते.

भाषांतरकार, बेळगाव

नमुन्यानुसार मजकूर शोधणाऱ्या 'आरई' मॉड्यूलमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'बॅकस्लॅश बी' ही शब्दाच्या सीमेची खूण लावून 'मराठी भाषा' या मजकुरात 'मराठी' शोधल्यास काहीच मिळत नाही, 'मराठ' मात्र मिळते. काना, वेलांटी ही चिन्हे तिथे अक्षरांत गणली जात नाहीत, त्यामुळे शब्दाची सीमा 'ठ'पाशीच पडते. वेगळे इन्स्टॉल करावे लागणारे 'रेजेक्स' मॉड्यूल ही चिन्हे शब्दाचाच भाग मानते. मी आता तेच वापरते.

भाषाविज्ञानाचा विद्यार्थी, नागपूर

संपूर्ण शब्दाची तुलना केली की 'पाणी' शोधताना 'पाण्यात', 'पाण्याला' निसटतात, आणि मराठीत नाम बहुधा सामान्यरूपातच भेटते. म्हणून शब्दाची सुरुवात तपासणाऱ्या 'स्टार्ट्सविथ'ला मी 'पाणी' आणि 'पाण्य' या दोहोंचे टपल (एकत्र दिलेला गट) देतो. त्यात 'पाणीपुरवठा'ही येतो, जो मला हवाच असतो. 'घर'साठी हीच युक्ती केल्यास 'घरटे' आणि 'घरोबा'ही येतात, म्हणून तिथे वगळायच्या शब्दांची यादी फंक्शनला मजकूर आणि शब्दासोबत तिसरे आर्ग्युमेंट (पुरवायची माहिती) म्हणून देतो.