इटली प्रायव्हेट टूर (रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस): काय मागावं, कुठे अडतं

केवडा (धागाकर्ती)

घरचीच सहा-आठ माणसं, आपली गाडी, आपला गाइड, आपल्या चालीने इटली. अशी टूर आखून घ्यायची म्हटलं की तेच तेच प्रश्न येतात आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. ज्यांनी हे काम केलंय, करून घेतलंय किंवा तिकडे राहून जवळून बघितलंय त्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको. तारखा, तास, युरो, जिने आणि कागद, एवढंच. कंपन्यांची नावं टाळा, चांगली असोत की वाईट. दर लिहाल ते बदलते आहेत हे सगळे धरून चालू.

तिकीटबाबू

सुरुवात कोटेशनपासून. अशा टूरमध्ये तीन प्रकारची माणसं येतात आणि विकणारा ती मुद्दाम एकात एक मिसळतो. ड्रायव्हर गाडी चालवतो, रस्त्यात चार गोष्टी सांगतो, पण स्मारकाच्या आत समजावून सांगायचा त्याला अधिकार नाही. टूर मॅनेजर सोबत फिरतो, हॉटेल-ट्रेन बघतो, त्यालाही तो अधिकार नाही. आत बोलू शकतो फक्त परवानाधारक गाइड. ‘इंग्लिश स्पीकिंग ड्रायव्हर-गाइड’ असं लिहिलेलं दिसलं तर विचारा की कोलोसियमच्या आत आमच्याबरोबर कोण येणार.

२०२३ च्या कायद्यानंतर गाइडचा परवाना देशभर चालतो, त्यामुळे रोम ते व्हेनिस एकच गाइड नेता येतो. तरी नेऊ नये असं माझं मत. त्याचं राहणं-खाणं-परतीचं तिकीट तुमच्या बिलात येतं आणि शहर त्याला मनापासून माहीत असतं एकच. दर शहरात स्थानिक गाइड घ्या. हाफ डे म्हणजे तीन तास. दर माणशी नसतो, ग्रुपचा असतो. मोठ्या शहरांत साधारण २०० ते ३०० युरोच्या घरात, वरचे तास वेगळे. सहा माणसांत वाटला तर हा खर्च वाटतो तेवढा भारी नाही.

कोटेशनमध्ये या ओळी वेगळ्या मागा: गाइडचे तास, प्रत्येक तिकिटाचं नाव आणि प्रकार, रिझर्वेशन फी, गाडीचे तास आणि पार्किंग, हॉटेलचा सिटी टॅक्स. सिटी टॅक्स बहुतेक वेळा हॉटेलात जागेवर भरावा लागतो. रोममध्ये चार स्टार हॉटेलला माणशी रात्रीला साडेसात युरो, पाच स्टारला दहा. सहा माणसं, चार रात्री, चार स्टार म्हणजे १८० युरो, आणि हा आकडा पॅकेजच्या किमतीत कुठेच नसतो.

आता तिकिटं. पैसे कितीही मोजले तरी गाइड ऐनवेळी तिकीट निर्माण करू शकत नाही. कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात, व्हॅटिकन म्युझियमची साधारण ६० दिवस आधी. कोलोसियमच्या तळघराचे स्लॉट सगळ्यात आधी संपतात. रोमच्या बोर्गेसे गॅलरीत (चित्रं-शिल्पांचं म्युझियम) दोन-दोन तासांचेच स्लॉट. वाटेत मिलान घेतलंत तर लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’समोर फक्त १५ मिनिटं मिळतात, आणि ती तिकिटं काही महिन्यांच्या तारखा एकदम खुल्या होतात तेव्हाच उडतात. म्हणून आधी हे स्लॉट कागदावर मांडायचे, मग त्यांच्याभोवती हॉटेलं. उलट केलं की ‘बाहेरून दर्शन’ पदरी पडतं.

‘स्किप द लाइन’ म्हणजे तिकिटाची रांग टळते. सिक्युरिटीची रांग कुणालाच टळत नाही.

आंबाडी

तिकीटबाबूंनी लिहिलं त्याला जोड. कोलोसियमची तिकिटं नावावर असतात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात. पाँपेईलासुद्धा २०२४ च्या नोव्हेंबरपासून नावावर तिकीट आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. आपल्याकडे गोंधळ होतो तो मधल्या नावाने. पासपोर्टवर बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं असं दोन्ही नाव असतं, आधारवर क्रम वेगळा, आणि व्हॉट्सअॅपवर एजंटला आपण कळवतो ते ‘आई, बाबा, सोनू’. पासपोर्टच्या पानाचा फोटोच पाठवा. एखाद्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा असेल तर तसं लेखी सांगा. आणि त्या दिवशी पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका, सोबत लागतो.

आर्नोकाठ

फ्लॉरेन्सबद्दल. इथे सोमवार वाया जातो. उफीत्सी (चित्रांचं मोठं म्युझियम) बंद, अकादेमिया (मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा इथे) बंद. रोमची बोर्गेसेही सोमवारी बंदच. एजंटने सोमवारी ‘फ्लॉरेन्स म्युझियम डे’ टाकला असेल तर त्याने कॅलेंडर उघडलेलंच नाही.

उफीत्सी आणि डेव्हिड एकाच सकाळी उरकू नका. उफीत्सीला गाइडबरोबर अडीच तास किमान. अकादेमियात तासाभरात होतं, पण तिथे गाइडला सांगा की पाच मीटरहून उंच डेव्हिडकडे थेट पळायचं नाही. त्याच्याकडे जाणाऱ्या दालनात मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले ‘कैदी’ नावाचे पुतळे आहेत. छिन्नीचे दातेरी ओरखडे संगमरवरावर समांतर दिसतात, कुठे गुडघा बाहेर आलाय आणि डोकं अजून दगडातच आहे. काम कुठल्या बाजूने सुरू झालं ते तिथे कळतं, मग डेव्हिड वेगळा दिसतो.

दुओमो म्हणजे फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट: ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. तिकिटावरची वेळ बदलून मिळत नाही, बॅग वर नेता येत नाही, ती आधी जमा करायची. त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात आणि नेमका तिथेच स्लॉट हुकतो. ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने हा घुमट दुहेरी कवचाचा बांधला, १४३६ मध्ये पुरा झाला, आणि जिना त्या दोन कवचांच्या मधून जातो. शेवटी भिंत अंगावर झुकलेली असते, समोरून माणूस आला की कुणीतरी एकाने थांबायचं. बंद जागेची भीती असणाऱ्याला आधी सांगून ठेवा. मध्ये ‘अंतिम न्याया’चं भित्तिचित्र हाताच्या अंतरावर येतं, ते बघायला तरी थांबा. कॅथेड्रल आतून बघायला फुकट आहे, त्याचे पैसे कुणी लावले तर विचारा कशाचे.

गुडघेदुखी

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. प्रायव्हेट गाडी म्हणजे दारात उतरणार असा समज करून घेऊ नका. जुन्या शहरांच्या गाभ्यात झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो आणि वेशीवर कॅमेरे. परवान्याच्या गाडीलाही, विशेषतः परगावच्या, त्या शहरात आधी नोंद करावी लागते. प्रत्येक ठिकाणासाठी एकच प्रश्न विचारा: गाडी थांबते तिथपासून दारापर्यंत किती मीटर, आणि चढ की सपाट? उत्तर ‘जवळच आहे’ आलं तर पुन्हा विचारा.

रोममध्ये चौकोनी काळ्या दगडांची फरसबंदी असते. चाकाची बॅग आणि व्हीलचेअर दोन्ही तिथे उड्या मारतात. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे, पण त्याला लागूनचे पॅलेटाइन टेकडी आणि फोरम हे प्राचीन अवशेष म्हणजे ऊन आणि चढ आहे. गुडघे दुखत असतील तर ते सरळ गाळा. त्याऐवजी तिथून चालत दहाएक मिनिटांवरचं सान क्लेमेंते घ्या: वर १२ व्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याखाली पहिल्या शतकातली रोमन इमारत आणि मिथ्र देवाचं मंदिर. गाइडचं खरं काम इथे दिसतं. खाली उतरायला पायऱ्या आहेत, मात्र सावली आहे आणि वरच्या चर्चमध्ये बसून राहिलं तरी चालतं.

व्हॅटिकन म्युझियममध्ये ओळखपत्र ठेवून व्हीलचेअर मोफत मिळते.

केवडा

व्हॅटिकनचं कुणी सविस्तर लिहील का? तिथे गाइड बोलतच नाही अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते.

तिकीटबाबू

व्हॅटिकन म्युझियममधूनच ज्यात जातो त्या सिस्टिन चॅपेलमध्ये बोलायला आणि फोटोला मनाई आहे, गाइडलाही. म्हणून चांगला गाइड आधी पाइनकोनच्या अंगणातल्या चित्रफलकांसमोर उभा राहून सगळं सांगून घेतो. तिथे वीस मिनिटं द्या, ‘आत चला’ म्हणून घाई करू नका. आत शिरता ते वेदीच्या बाजूने, वेदीमागच्या भिंतीवरचं मायकेलअँजेलोचं ‘अंतिम न्याय’ तुमच्या पाठीशी येतं. चालत पार दुसऱ्या टोकाला जा आणि मग वळून बघा. मायकेलअँजेलोने छत १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं, आणि सुरुवात त्याच दूरच्या टोकाकडून केली. तिकडच्या महापुराच्या चित्रात माणसांची दाटी आहे आणि आकृत्या लहान. खालून नीट दिसत नाहीत हे लक्षात आल्यावर वेदीकडे येताना आकृत्या मोठ्या आणि मोजक्या होत गेल्या. हे एवढं माहीत असलं की गाइड गप्प असला तरी चालतं.

म्युझियम रविवारी बंद. अपवाद महिन्यातला शेवटचा रविवार, त्या दिवशी मोफत असतं आणि म्हणूनच जाऊ नये. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली की सेंट पीटर्स बॅसिलिका दुपारपर्यंत बंद राहते. चॅपेलमधून थेट बॅसिलिकात उतरणारा रस्ता कधी चालू, कधी बंद. त्याच्या भरवशावर वेळ आखू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांच्या बर्म्युडालाही हाच नियम.

पोळीभाजी

शाकाहारी मंडळींनो, ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मिनेस्त्रोने सूपमध्ये मटणाचा किंवा चिकनचा स्टॉक असू शकतो. खरं पार्मेजान चीज वासराच्या रेनेटशिवाय (पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) बनत नाही, पेकोरिनो रोमानोचंही तेच, फक्त तिथे कोकराचं. पाळणाऱ्यांनी पिझ्झा मारिनारा मागावा, त्यावर चीजच नसतं. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्या रव्याच्या पास्त्यात सहसा नसतं. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही मासळी. जैन जेवणासाठी ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’ (लसूण नको, कांदा नको) हे गाइडकडून कागदावर इटालियनमध्ये लिहून घ्या आणि वेटरला तो कागद द्या.

जेवणाची वेळ पाळा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, रात्री सातच्या आधी उघडत नाही. फ्लॉरेन्स-व्हेनिसमध्ये बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-चार युरो येतात, ती फसवणूक नाही, टेबलावर बसण्याचं शुल्क आहे.

शिंपला

व्हेनिस. गाडी पिआत्साले रोमा किंवा त्रोंकेत्तोला संपते, पुढे पाय किंवा पाणी. प्रत्येक पूल म्हणजे पायऱ्या, बॅग उचलून. वॉटर टॅक्सी महाग पडते, पण सहा माणसं आणि सहा बॅगा असतील तर हाच खर्च करावा. त्याआधी हॉटेलला विचारा: पाण्याकडचं दार आहे का? नसेल तर टॅक्सी जवळच्या धक्क्यावर सोडते आणि पूल तुमच्याच वाट्याला.

गोंडोलाचा अधिकृत दर बोटीला आहे, माणशी नाही: दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०, जास्तीत जास्त पाच जण. सहा माणसांच्या कुटुंबाला दोन बोटी लागतात, हे पॅकेजमध्ये तपासा. व्हापोरेत्तो या सार्वजनिक बोटीचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. दिवसातून तीनदा बसणार असाल तर दिवसाचा पास घ्या.

ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत शहरात येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे: पाच युरो, उशिरा भरलं तर दहा. व्हेनिस पालिकेच्या हद्दीत, म्हणजे मेस्त्रेलाही, मुक्काम असेल तर माफ, पण सवलतीचा क्यूआर कोड ऑनलाइन काढावा लागतो. शेजारच्या पादुआ शहरात राहून दिवसाभरासाठी आलात तर भरावंच लागतं.

माणगावकर

प्रायव्हेट गाडीचा सगळ्यात चांगला उपयोग सांगतो. रोम-फ्लॉरेन्स हायस्पीड ट्रेनने दीड तास, गाडीने तीन तास. नुसतं पोचायला गाडी घेण्यात अर्थ नाही. वाटेत थांबायचं असेल तरच घ्या: ओर्विएतो, सिएना, किंवा थोडं वळून मोंतोने. पेरुजाच्या उत्तरेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं हे टेकडीवरचं गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, आपल्या रायगड जिल्ह्यातले, १० जुलै १९४४ ला याच खोऱ्यात लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेत त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक २०२३ पासून आहे. त्यांची कबर नाही. नाव रोमच्या आग्नेयेला कासिनोच्या स्मारकावर कोरलंय. रावेन्नाची मोझेइकं बघायला जाणार असाल तर शेजारीच फोर्ली इथे भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आणि दहनस्मारक आहे. तयार पॅकेजमध्ये यातलं काही नसतं. एजंटला गावाचं नाव, रेजिमेंट आणि किती वेळ थांबायचं ते लेखी द्या.

गाडीबद्दल आणखी एक. आठ सीटची व्हॅन आठ माणसांना पुरते, आठ मोठ्या बॅगांसह नाही. सामानासकट ती सहा जणांचीच समजा. नऊपेक्षा जास्त सीटचं वाहन घेतलं तर ड्रायव्हरला साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘जरा पुढे चला ना’ म्हणून तो ऐकणार नाही.

ताळेबंद

पैशाचं थोडक्यात. भारतातल्या कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं की जीएसटीसोबत टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून ज्याच्या पॅनवर कापला त्याचंच रिटर्न भरलं जातंय ना ते बघा. आजोबांच्या पॅनवर पैसे भरून मुलाच्या रिटर्नमध्ये मिळत नाहीत. टीसीएसचा दर बजेटमध्ये बदलत राहतो, बुकिंगच्या वेळचा विचारा. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. इथे एक खरी अडचण आहे: नावावरची तिकिटं परत होत नाहीत आणि व्हिसा अजून हातात नसतो. हॉटेलं रद्द करता येणारी घ्या, आणि व्हिसा नाकारला गेला तर तिकीट आणि गाइडचे किती पैसे बुडतील ते ओळीगणिक लिहून मागा.

हळदीकुंकू

नऊ रात्री आहेत, गुरुवारी रोमला उतरतोय. पीसा आणि आमाल्फी पण करावं का?

आर्नोकाठ

आमाल्फी गाळा. रोमहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे गाडीत बसून समुद्र बघणं. पीसा सोबतच्या मुलांच्या वयावर ठरवा, आठ वर्षांखालच्यांना मनोऱ्यावर सोडत नाहीत.

वार असे लावा. शुक्रवार व्हॅटिकन. शनिवार कोलोसियम. रविवारी बोर्गेसे, सकाळचा पहिला स्लॉट. तिथे बेर्नीनी या शिल्पकाराच्या ‘अपोलो-दाफ्ने’ या मूर्तीभोवती मागच्या बाजूने फेरी सुरू करायला गाइडला सांगा, मूर्ती मुळात तशीच समोर यायची. महिन्याचा पहिला रविवार असेल तर सरकारी म्युझियम मोफत असतात, कोलोसियमला तर आगाऊ आरक्षणच नसतं, म्हणून तो शनिवारीच ठेवा. सोमवारी म्युझियम बंद, तेव्हा तो दिवस गाडीला: सिएना करून फ्लॉरेन्स. मंगळवार उफीत्सी, बुधवार अकादेमिया आणि घुमट. गुरुवारी दुपारच्या ट्रेनने व्हेनिस, सव्वादोन तास लागतात. तिकीट सान्ता लुचीआ स्टेशनपर्यंतचं काढा, मेस्त्रे त्याच्या आधी येतं. शुक्रवार व्हेनिस, शनिवारी तिथूनच विमान. परत रोमला येऊ नका.